वासाचा पंचनामा

नांदुरा
८ सप्टेंबर २०२४

चि. मनालीस,
सप्रेम जय भीम.

तू तिकडे इटलीत, तोरिनोत शिकता शिकता दारूच्या दुकानात कामाला लागलीस, असं तुझ्या बापाकडून कळलं. माझ्या धाकट्या भावाचा स्वभाव तुला ठाऊक आहेच. खामगावहून मुद्दाम आला, पाणीसुद्धा प्यायला नाही, आणि अशा आवाजात बोलला की मला वाटलं कोणीतरी गेलं. "दादा, पोरगी शिकाले गेली अन् गुत्त्यावर बसली." मी म्हणालो, "अबे, मी तीस वर्षं गुत्त्याइमंधीच काढली. मले कोनी काही म्हनलं का?" तेव्हा कुठे चहा घेतला.

तर हे पत्र रागवायला नाही. फोनवर तू "बरी आहे, जेवले, थंडी आहे" याच्यापुढे जात नाहीस. कागदावर माणूस खरं बोलतो. राज्य उत्पादन शुल्क खात्यात जवान म्हणून मी शेकड्यांनी पंचनामे लिहिले, त्यामुळे एवढं कळतं.

तुझ्या बापाने मोबाइलवर दुकानाचा फोटो दाखवला. सगळ्या बाटल्या आडव्या! आपल्याकडे बायकांनी मतदान करून आडवी बाटली निवडून आणली की गावातलं दुकान बंद, उभी बाटली आली की चालू. अशा तीन मतदानांना मी बंदोबस्ताला होतो. तुमच्याकडे सगळ्या आडव्या आणि दुकान जोरात चालू, हा काय प्रकार आहे ते खुलासेवार लिही.

आणि मुख्य म्हणजे वास लिही. माझं नाक तुला माहीत आहे. जळगाव जामोदकडे सातपुड्याच्या पायथ्याला ओढ्याकाठी पुरलेली मडकी मी वासावर काढायचो. मोहाचं रसायन, गुळाचं, सडक्या केळ्यांचं, नवसागर जास्त पडलेलं, सगळं उभ्या उभ्या सांगायचो. साहेब म्हणायचे, हिवराळे, तुमचं नाक सरकारजमा करायला पाहिजे. पण पंचनाम्यात लिहायचं काय? "उग्र आंबट वास येत असलेले रसायन." मोहाचं असो, गुळाचं असो, वाक्य तेच. एकदा मी हिंमत करून लिहिलं, "भिजलेल्या मोहफुलांसारखा गोडसर, मागून किंचित केळ्याचा." साहेबांनी लाल रेघ मारली. म्हणाले, हे काय कोर्टात वाचून दाखवू? तेव्हापासून पोटात चाळीस प्रकारचे वास घेऊन बसलो आहे आणि कागदावर एकच.

पंचशीलात पिण्याची मनाई आहे, हुंगण्याची नाही. मी आयुष्यात थेंब घेतला नाही आणि तूही घेणार नाहीस, म्हणून तो विषय काढत नाही. जे जे हुंगशील ते बारीकसारीक लिहून धाड.

तुझी मोठीआई ठीक आहे.

तुझे मोठेबाबा,
प्रेमानंद


तोरिनो
२९ सप्टेंबर २०२४

ति. मोठेबाबांस,
सविनय जय भीम.

तुमचं पत्र दुकानातच वाचलं आणि एकटीच हसत बसले. ओर्नेलाबाईंनी विचारलं, काय झालं? मी आडव्या बाटलीचं सांगितलं. त्या दुकानाच्या मालकीण, वय अडुसष्ट, दोन्ही गुडघे गेलेले. त्या म्हणाल्या, "तुमच्या बायका हुशार आहेत, पण माझ्या गल्लीत नकोत."

खुलासा असा, की बाटलीला बूच झाडाच्या सालीचं असतं. बाटली आडवी ठेवली तर वाइन बुचाला लागून राहते, बूच ओलं राहतं. उभी ठेवली तर ते सुकतं, आकसतं, हवा आत जाते आणि आतल्या मालाचं वाटोळं होतं.

दुकान कमानीखाली आहे. इथे मैलोन्‌मैल रस्त्याच्या कडेने कमानी आहेत, त्यामुळे पावसात छत्री लागत नाही. दुकानाच्या अर्ध्या भागात बाटल्या, अर्ध्यात स्टीलच्या टाक्या. म्हातारी माणसं घरून रिकाम्या बाटल्या आणतात आणि तोटीखाली भरून नेतात, अगदी खामगावात आपण घाण्यावर तेलाची कॅन घेऊन जायचो तशी. भाव विचारतात, वास घेतात, शेजाऱ्याची चौकशी करतात आणि निघतात. भांडण नाही, आरडाओरडा नाही. पहिले आठ दिवस मला चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं.

तुमच्या कामाची गोष्ट सांगते. इथे ग्रापा नावाची कडक दारू मिळते. द्राक्षांची वाइन निघाल्यावर उरलेल्या चोथ्यातून काढतात. सरकीचं तेल काढून ढेप उरते ना, त्या ढेपेची दारू म्हणा. आणि मोठेबाबा, इथे पहिली धार फेकून देतात! विषारी म्हणतात.

दुसरं, व्हर्मुथ. ही याच शहराची. पांढऱ्या वाइनमध्ये कडू वनस्पती, संत्र्याची साल, लवंग असलं बरंच काही मुरवतात. त्यातली मुख्य वनस्पती हुंगली आणि मी दचकले. तो वास मला माहीत होता, पण इटालियन नाव माहीत नव्हतं. मग आठवलं, दवणा! दवण्याचीच कोणीतरी बहीण आहे ती. मोठीआई उशीखाली ठेवायची तसला. त्यामागून संत्र्याची साल, आणि अगदी शेवटी लवंग.

आता अडचण. ओर्नेलाबाईंना जानेवारीपासून कायमचं माणूस हवं आहे. माझं शिक्षण फेब्रुवारीत संपतं. ही नोकरी मिळाली तर इथे राहता येईल, नाही तर परत. पण त्यांचं म्हणणं, जी पीत नाही ती विकणार कशी? मी म्हणाले, नाकाने. तेव्हा ठरलं असं, की नाताळाआधी त्या सहा झाकलेले पेले ठेवतील. फक्त हुंगून मी सांगायचं, तेही गिऱ्हाईकाला समजेल असं. चार बरोबर आले तर नोकरी माझी.

पुस्तकात शब्द दिलेत ते सगळे इथल्या रानातल्या फळांचे आणि फुलांचे. मी ती कधी पाहिलीच नाहीत. पाठ करते आणि विसरते. तुम्ही ओढ्याकाठी कसं ओळखायचात, ते मला शिकवा.

तुमची,
मनाली


नांदुरा
२० ऑक्टोबर २०२४

चि. मनाली,
सप्रेम जय भीम.

पहिली धार फेकून देतात! हे मी स्टेशनसमोरच्या चहाच्या टपरीवर सांगितलं तर गुलाबराव, आमचा जुना ड्रायव्हर, मला खोटं पाडायला निघाला. आपल्याकडे पहिल्या धारेसाठी माणसं रांग लावत, आणि त्यातली काही पुन्हा दिसत नसत. मी तीस वर्षं भाषण देऊन जे पटवू शकलो नाही, ते त्या लोकांना आधीच कळलेलं आहे तर.

दवण्याचं जे लिहिलंस, ते मी चार वेळा वाचलं. "आधी दवणा, त्यामागून संत्र्याची साल, अगदी शेवटी लवंग." असं लिहीत जा. ओळीने, एकामागून एक. मला घाई नाही.

आता शिकवणी. तू पुस्तकातले शब्द पाठ करतेस, तिथेच चुकतेस. वास आला की त्याचं नाव शोधायचं नाही. आधी जागा आठवायची. हा वास आला तेव्हा मी कुठे उभा होतो? पायाखाली काय होतं, सोबत कोण होतं? जागा सापडली की नाव आपसूक येतं. मी मडकं शोधायचो म्हणजे काय, तर आधी डोळे मिटून मागच्या धाडीच्या जागी जाऊन यायचो.

दुसरं, पहिल्या हुंगण्यावर भरवसा ठेवू नको. एकदा हुंगलं की नाक स्वतःच्या बाहीत खुपसायचं, आपल्या अंगाचा वास घ्यायचा आणि मग परत जायचं. बाहीने नाक धुऊन निघतं. साहेब हसायचे, पण मडकं मलाच सापडायचं.

तिसरं, वाईट वासांची लाज धरू नको. खामगावच्या बाजारात अवकाळीत भिजलेली कापसाची पोती आठवतात? तू लहान होतीस, नाक दाबून पळालीस. तो वास जपून ठेव. चांगला माल कोणीही ओळखतं, खराब ओळखणारा पाहिजे.

ग्रापाचं अजून लिहिलं नाहीस. फक्त "कडक" लिहून सोडलंस. असा पंचनामा मी नापास केला असता.

तुझे मोठेबाबा,
प्रेमानंद

ता. क. मनू, मी मोठीआई. यायनं पाकीट डिंकानं चिकटवाच्या आधी मी मागून घेतलं. तुझे मोठेबाबा आता लय सुधारले. पह्यले भाजीत हिंग कमी पडला तरी घर डोक्यावर घ्यायचे, आता काहीच बोलत नाहीत. परवा डाळ करपून घरभर धूर झाला, तरी हे पेपर वाचत बसले अन् तीच डाळ गुपचूप जेवले. तुले काय वाटते? उन्हाळ्यात ज्वारीच्या बिबड्या वाळवल्या का तुले पाठवते.


तोरिनो
९ नोव्हेंबर २०२४

ति. मोठेबाबांस,
सविनय जय भीम.

मोठीआईला सांगा, मला वाटतं की लग्नाला अडतीस वर्षं झाल्यावर नवरा सुधारला तर बायकोने तक्रार करू नये. करपलेली डाळ निमूट जेवणारे मोठेबाबा पाहायला मी विमानाने येईन.

तुमची जागा आठवायची युक्ती लागू पडली! बारोलो नावाची इथली सगळ्यात मानाची वाइन आहे. पुस्तक म्हणतं गुलाब आणि डांबर. मला वाटायचं, उगाच काहीही लिहितात. परवा हुंगली, बाहीत नाक घातलं, परत हुंगली आणि थेट प्रतीक्षाताईच्या लग्नात जाऊन उभी राहिले. मांडवात गुलाबाच्या पाकळ्या आणि बाहेर त्याच दिवशी नगरपालिकेने रस्ता करायला काढलेला. गरम डांबर! नवरदेवाच्या बुटाला लागलं होतं. मी हे ओर्नेलाबाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ही बाटली मी चाळीस वर्षं विकते आहे, तुझ्या बहिणीच्या लग्नाला मात्र आज गेले."

त्याच बारोलोत झाडाची साल आणि मसाले घालून औषधी वाइन करतात. ती हुंगताच मी तुमच्या खाटेजवळ होते. तुम्हाला हिवताप झाला होता आणि कोयनेलच्या गोळीचा कडूपणा खोलीभर होता. कोयनेल काढतात ती साल हीच निघाली. ग्रापा म्हणजे पेटीतली जुनी साडी, थोडा मनुका आणि मग नाकात टोचणारी सुई. आता पास करा.

तुम्ही इतकं विचारता म्हणून वासच पाठवते आहे. सोबत तीन बुचं आहेत, कागदाच्या तीन पुड्यांत. पहिलं बारोलोचं, दुसरं त्या कोयनेलवालीचं, तिसरं मी मुद्दाम व्हर्मुथमध्ये बुडवून ठेवलेलं. प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधली आहे, वास टिकेल. तुमच्या नाकाने काय सापडतं ते लिहा. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी तेच वाचून जाणार आहे.

तुमची,
मनाली


नांदुरा
१ डिसेंबर २०२४

चि. मनाली,
सप्रेम जय भीम.

पाकीट मिळालं. पोस्टमनने वरून तीनदा दाबून पाहिलं आणि विचारलं, "हिवराळे साहेब, यात काय हाय?" मी म्हणालो, मुद्देमाल.

सकाळी आंघोळ करून, अंगणात खुर्ची टाकून, शास्त्रशुद्ध तपासणी केली. पहिलं बूच, बारोलो. गुलाब आहे, पण ताजा नव्हे, हारातून गळून पडलेला. त्यामागे डांबर, उन्हात नुकतंच मऊ झालेलं. तू बरोबर ओळखलंस. दुसऱ्यात कोयनेलचा कडूपणा स्पष्ट आहे आणि थोडी दालचिनी असावी. तिसरं सगळ्यात सुरेख. आधी दवणा, त्यामागून संत्र्याची साल, अगदी शेवटी लवंग. बराच वेळ हातात धरून बसलो होतो. मन प्रसन्न झालं.

तुझी मोठीआई तिसरं बूच बघायला वाकली आणि पदर नाकाला लावून घरात निघून गेली. म्हणे, "काय मेलं हाय याच्यात?" आता तिला दवण्यातलं काय कळणार! वय झालं की बायकांची नाकं जातात.

परीक्षेची काळजी करू नको. हिवराळ्यांचं नाक आहे.

तुझे मोठेबाबा,
प्रेमानंद


तोरिनो
१८ डिसेंबर २०२४

ति. मोठेबाबांस,
सविनय जय भीम.

सहापैकी पाच. नोकरी मिळाली.

आधी हेच लिहिते, कारण हे तुमचं आहे. पाचव्या पेल्यात मी बारबेरा नावाच्या वाइनला दुसरंच काही म्हणाले, बाकी सगळं बरोबर. चौथ्या पेल्यात ओर्नेलाबाईंनी डाव टाकला होता. पेला महागड्या वाइनचा, पण बाटली बिघडलेली. कधीकधी बुचालाच रोग असतो आणि तो आतल्या वाइनला लागतो. मी हुंगलं, बाही हुंगली, परत हुंगलं. आणि खामगावच्या बाजारात नाक दाबून पळत सुटले. मी म्हणाले, "बाई, हे विकू नका. हे पावसात भिजलेलं पोतं आहे." त्यांनी गुडघे विसरून उठून माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले.

आता जे लिहायचं आहे, ते लिहायला मला दोन दिवस लागले.

परीक्षा झाल्यावर त्यांनी विचारलं, "मी तुला शिकायला दिलेलं ते रोगी बूच कुठे आहे?" नोव्हेंबरमध्ये त्यांनी मला असलंच एक बूच दिलं होतं, कुजका वास ओळखायला शिक म्हणून. मी सगळीकडे शोधलं. सापडलं ते कोटाच्या खिशात, पण ते रोगी बूच नव्हतं. ते व्हर्मुथमध्ये बुडवलेलं होतं, अजून दवण्याचा वास मारत होतं.

मोठेबाबा, तुम्हाला तिसऱ्या पुडीत ते कुजकं बूच आलं. मोठीआईचं बरोबर होतं.

मी तुमची सगळी पत्रं काढून परत वाचली. बुचांबद्दल तुम्ही जे लिहिलं आहे ते माझंच आहे, माझ्याच क्रमाने. दवणा, मग साल, मग लवंग. आणि मोठीआईची ती करपलेली डाळ. मी त्यावर विनोद केला. मला त्याची आता इतकी लाज वाटते, की काय सांगू.

मी रागावलेली नाही. मला फक्त भीती वाटते आहे. कधीपासून वास येत नाही?

तुमची,
मनाली


नांदुरा
८ जानेवारी २०२५

चि. मनाली,
सप्रेम जय भीम.

नोकरीबद्दल अभिनंदन. तुझ्या बापाला मी स्वतः फोन करून सांगितलं. तो आता सगळ्यांना सांगत फिरतो आहे, की पोरगी फूड तपासणीत मोठ्या हुद्द्यावर आहे.

तीस वर्षं मी चोर पकडले आणि आज भाच्या-पुतण्यांत सगळ्यात धाकटीने मला पकडलं. मुद्देमालासकट. तेव्हा कबुलीजबाब लिहून देतो.

२०२३ सालच्या आश्विनात मला ताप आला होता. आठ दिवसांत उतरला. नवव्या दिवशी सकाळी तुझ्या मोठीआईने चहा दिला आणि मी तिला म्हणालो, यात आलं टाकलं नाही. ती म्हणाली, टाकलं आहे. मी कप नाकाजवळ नेला. गरम वाफ लागली, बाकी काही नाही. मला वाटलं, सर्दी आहे. महिना गेला. मी गुपचूप हिंगाची डबी उघडून हुंगायचो, रॉकेलची बाटली, चपला. काही नाही. सगळं जग धुऊन वाळत घातल्यासारखं.

सांगितलं नाही, कारण सांगून मी राहतो कोण? बाजारातले व्यापारी अजून हरभऱ्याचा नमुना घेऊन येतात, साहेब, जुना आहे का बघा. मी डोळे मिटतो, मान हलवतो आणि दाण्याच्या रंगावरून सांगतो. आतापर्यंत चुकलो नाही. पण रोज भीती वाटते. माझ्यापाशी शेती नव्हती, शिक्षण दहावी, उंचीही बेताची. माझ्याजवळ नाक होतं. त्यावर भावाला शिकवलं, त्यावर गावात हिवराळे साहेब झालो.

तू दुकानात लागलीस तेव्हा मला वाटलं, निदान वाचायला मिळेल. तुझं दवण्याचं पत्र आलं. डोळे मिटले आणि वास आला, मनाली. नाकात नाही. कुठेतरी आला. म्हणून मी तुला सारखं लिही लिही म्हणत होतो. मी तुला शिकवत नव्हतो, तुझ्याकडून मागून खात होतो.

बुचांबद्दल खोटं लिहिलं, याची माफी मागतो. आयुष्यात खोटा पंचनामा हा एकच.

तुझ्या मोठीआईला कळवू नको. तिने एवढी वर्षं माझ्यासाठी रांधलं. मला आता त्यातलं काही लागत नाही, हे तिला कशाला सांगायचं.

तुझे,
प्रेमानंद


तोरिनो
२८ जानेवारी २०२५

ति. मोठेबाबांस,
सविनय जय भीम.

तुम्ही मला शिकवलंत. नाक नसताना शिकवलंत. सहापैकी पाच पेले त्याला साक्षीदार आहेत, तेव्हा मागून खाण्याची भाषा परत करू नका.

मी इथे एका डॉक्टरांना विचारलं. अशा तापानंतर गेलेला वास काही जणांचा हळूहळू येतो, काहींचा येत नाही. खात्री कोणी देत नाही. पण नाकाला कसरत देता येते. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी, चार डब्यांत चार वस्तू. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक डबी थोडा वेळ हुंगायची आणि हुंगताना तो वास आठवायचा. काही महिने, न चुकता. म्हणजे तुमचीच युक्ती आहे, आधी जागा आठवा.

माझी अट अशी, की रोज पंचनामा लिहायचा. काही आलं नाही तर तसं लिहायचं. आणि पंचांशिवाय पंचनामा चालत नाही, हे तुम्हीच मला लहानपणी सांगितलंत. एक पंच घरातच आहे. तिला सांगा. तुम्ही सांगितलं नाहीत तर मीही मोठीआईला काही सांगणार नाही, पण मग यापुढे माझ्या पत्रांत वास येणार नाही. नुसतं बरी आहे, जेवले, थंडी आहे.

तुमची,
मनाली


नांदुरा
६ एप्रिल २०२५

चि. मनाली,
सप्रेम जय भीम.

एवढे दिवस पत्र लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. धमकी मात्र पोचली होती.

फेब्रुवारीत एका दुपारी मी तुझ्या मोठीआईसमोर बसलो आणि सांगून टाकलं. ती शेंगा फोडत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "मले मालूम हाय."

मी म्हणालो, "कवापासून?"

"दिवाळीच्या पह्यलेपासून. ते डाळ काय आपोआप करपली का? मी मुद्दामच करपवली होती. तुमच्या नाकाखाली धूर सोडला, अन् तुमी पेपरातला भाव वाचून राह्यले."

म्हणजे तुला धाडलेल्या पत्राच्या शेवटी तिने जे लिहिलं होतं, ती तक्रार नव्हती. तो रिपोर्ट होता आणि तू त्याच्यावर हसलीस. मी विचारलं, मग बोलली काऊन नाही? तर म्हणे, "तुमी सांगसान म्हनून वाट पाहत होती." आणि मग इतक्या जोरात एक शेंग फोडली, की दाणा उडून माझ्या कपाळाला लागला.

त्या दिवसापासून चार डब्या. रोज सकाळ-संध्याकाळ ती समोर बसते आणि मी लिहितो, "वास आढळून आला नाही." ती सही करते. त्रेपन्न दिवसांचे कागद आहेत, सगळ्यांवर तेच वाक्य. मधे मी एकदा वही फेकून दिली. तिने उचलून आणली, पुसली आणि त्या दिवसाचीही सही केली.

परवाचा पंचनामा मात्र तुला नक्कल करून पाठवतो. साक्षांकित आहे.

पंचनामा. दिनांक ४ एप्रिल २०२५, सकाळी साडेआठ. ठिकाण, प्रेमानंद हिवराळे यांचे राहते घर, नांदुरा. सदर इसम पाणी पिण्यासाठी स्वयंपाकघरात गेले असता दारातच थांबले. त्यांनी नाक स्वतःच्या बाहीत घातले व पुन्हा दारात आणले. असे तीन वेळा केले. त्यानंतर डोळे मिटून उभे राहिले. त्यांना जामोदकडील ओढा, घोट्यापर्यंत चिखल व हाताखाली पुरलेले मडके अशी जागा आठवली. त्यावर त्यांनी मोठ्याने विचारले, "अठी कोनं भट्टी लावली बे?"

झडतीत चुलीमागे झाकण ठेवलेले एक पातेले मिळून आले. त्यात बिबड्यांसाठी तीन दिवसांपासून भिजत घातलेली ज्वारी आढळली. सदर पातेले आपलेच असल्याचे सदर इसमाच्या पत्नी जनकाबाई यांनी कबूल केले. त्यांच्या हातातील पळी खाली पडली. त्यांनी विचारले, "कसा येऊन राह्यला वास? सांगा ना, कसा हाय?" सदर इसमाने पुष्कळ विचार केला. चाळीस प्रकारांपैकी एकही शब्द तोंडात आला नाही.

वासाचे वर्णन : उग्र आंबट.

बिबड्या करण्याच्या मदतीला आलेल्या शेजारीण सुवर्णाबाई यांना दुसऱ्या पंच म्हणून बोलावण्यात आले. वास सुमारे पाच मिनिटे टिकला व नंतर गेला. (नक्कल करतानाची नोंद : आज ६ एप्रिल रोजी सकाळी वास पुन्हा दोन मिनिटे आला.) मुद्देमाल जागेवर नष्ट करण्यात आला नाही. त्याच्या बिबड्या घालून एक डबा तोरिनो येथे रवाना करण्यात येत आहे.

पंच क्र. २, सुवर्णाबाई, सही.

पंच क्र. १, जनकाबाई प्रेमानंद हिवराळे, सही. (सही करताना पंच रडत असल्यामुळे शाई फिसकटली आहे. ती ग्राह्य धरावी.)